श्वासनळीतला साक्षीदार

देवाने माणसाला डोळे दिले ते बाहेर पाहण्यासाठी. आत पाहण्याची सोय त्याने ठेवली नाही, आणि ठेवली नाही हे फार उत्तम केले, असे विश्राम घाडी याचे ठाम मत होते. आपल्या पोटात काय आणि छातीत काय हे जर प्रत्येकाला दिसू लागले, तर कोणाच्या घशाखाली घास उतरणार नाही, असे तो म्हणे. म्हणूनच सन दोन हजार एकोणचाळीसच्या माघ महिन्यात ‘अंतरंग’ नावाची जिल्ह्याची फिरती तपासणी-गाडी खैरखोल गावात आली, तेव्हा अर्धे गाव शाळेच्या पटांगणावर लोटले असताना विश्राम मात्र पडवीत बसून, ओला नसलेला पंचा पुन्हा पुन्हा पिळीत होता.

विश्राम हा गावचा घाडी. दक्षिण कोकणातल्या या गावात कोणतेही कार्य असो, नांगर धरायचा असो की नवी होडी पाण्यात लोटायची असो, आधी ग्रामदैवताच्या देवळात गाऱ्हाणे घालावे लागे. गाऱ्हाणे म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवापुढे मांडलेली विनवणी. ती मांडण्याचा मान घाड्याच्या घराण्याचा. घाड्याने एकेक मागणे उंच स्वरात मांडावे आणि जमलेल्या मंडळींनी त्याला ‘व्हय म्हाराजा!’ अशी साथ द्यावी, ही चाल. विश्रामचा आवाज असा की देवळात बोलला तर खाडीवरचे बगळे उडावेत. बारा वाड्यांची आणि चौऱ्याऐंशी घरांची नावे तो एका दमात घेई. त्या दमावरच त्याचे अवघे आयुष्य उभे होते. दोन एकर कातळ आणि अकरा कलमे ही त्याची मिळकत. पण तो दम ही त्याची श्रीमंती.

आणि गेली तीन वर्षे नेमका तोच दम त्याला सोडून चालला होता. आरंभी खोकला झाला, मग छातीत शीळ वाजू लागली, मग चौऱ्याऐंशी घरांची नावे चार दमांत आणि पुढे सात दमांत येऊ लागली. तालुक्याच्या गावी साधा एक्स-रे काढला, त्यात उजव्या बाजूला खाली एक डाग दिसला. मोठ्या शहरातल्या शल्यवैद्याने तो डाग पाहून गंभीर मुद्रेने सांगितले की बहुधा गाठ असावी आणि फुप्फुसाचा खालचा भाग काढून टाकावा लागेल.

“मगे दम किती रवात?” एवढेच विश्रामने विचारले होते.

“रोजच्या कामापुरता राहील,” वैद्य म्हणाले.

रोजच्या कामापुरता दम घेऊन घाड्याने काय करावे? विश्राम तसाच परत आला, ते कागद त्याने तांदळाच्या कणगीमागे दडवले आणि पत्नी जयवंतीला ‘साधो दमो असा’ असे सांगून मोकळा झाला.

परंतु कणगीमागे दडवलेली वस्तू घरधनिणीपासून लपली, असे त्रिखंडात घडलेले नाही. जयवंती त्या सकाळी हातात ते कागद घेऊनच पडवीत उभी राहिली.

“ह्यो काय दमो?” ती म्हणाली. “दम्याची कुंडली मांडून ठेवल्यात काय कणगीमागे? उठा!”

“गो, पण तेंच्या मशिनीत माणसाचे काप करतत म्हणे. हजार काप!”

“करूं देत. तुमचे हजार काप झाले तरी हजारव्या कापात हट्टच मेळतलो. उठा म्हणतंय ना!”

विश्राम उठला. तो देवापुढे निर्भय बोलणारा पुरुष होता. जयवंतीपुढे बोलण्याची विद्या मात्र घाड्यांच्या घराण्यात कोणालाच अवगत नव्हती.

पटांगणावर पोहोचताच विश्रामच्या पायांना जणू खिळे बसले, कारण रांगेत त्याच्या पुढेच बाबल मेस्त्री उभा होता. बाबल हा त्याचा बालमित्र, पलीकडच्या वाडीतला सुतार. आणि तीन वर्षांत त्या दोघांमध्ये एक शब्दही झाला नव्हता. बाबलच्या शेजारी खुर्चीला बांबू बांधून केलेल्या डोलीत त्याची ऐंशी वर्षांची आई बसली होती. चौघा गड्यांनी तिला कातळावरून वळसा घालून दोन तासांत आणले होते.

या अबोल्याचे कारण सांगणे अगत्याचे आहे. बाबलची वाडी आणि गाव यांच्यामध्ये एक व्हाळ आहे, म्हणजे खोल ओढा. त्यावर लोखंडी साकव टाकावा, म्हणजे पायी जाण्याचा पूल व्हावा, असे सरकारने मंजूर केले होते. साकव झाला असता तर वाडी गावापासून दहा मिनिटांवर आली असती. चालीप्रमाणे गाऱ्हाणे घालण्यासाठी गाव देवळात जमला. विश्रामने आरंभ झोकात केला. परंतु ‘ह्या व्हाळार साकव…’ इतके शब्द उच्चारताच त्याला अकस्मात जबर ठसका लागला. डोळे पांढरे झाले, चेहरा काळानिळा पडला, दोन्ही हात व्हाळाच्या दिशेने ‘नको, नको’ म्हणावे तसे हलू लागले. सारा गाव चिडीचूप झाला. गावचे मुख्य मानकरी तातू गावकर यांनी हात जोडले आणि म्हटले, “देवान घाड्याची वाचा धरल्यान. देवाक साकव नको.” झाले! साकव रद्द झाला. बाबलने त्या दिवशी विश्रामच्या तोंडाकडे एकदा रोखून पाहिले होते, आणि मग जे तोंड फिरवले ते फिरवलेच.

त्या दिवसाची आठवण विश्राम शक्यतो काढीत नसे.

आजही बाबल त्याच्याकडे वळला नाही. म्हातारीने मात्र डोलीतून मान बाहेर काढली.

“कोण, विश्राम काय रे?”

“व्हय आये.”

“देवान आमका साकव नको म्हटल्यान, ता खरा. पण एकदा माझ्यासाठी इचारून बघ. माका वर न्हेवक तरी तो साकव घालतलो काय, की थयसुद्दा वळसो मारून जावचा?”

रांगेत हशा पिकला. विश्रामही हसला, पण म्हातारीकडे न बघता.

म्हातारी आत गेली आणि पंधरा मिनिटांत तिचा निकाल आला. वर्षभर ज्याला सगळे वात म्हणत होते तो वात नव्हता. खुब्याच्या हाडाला केसाएवढी चीर होती. साध्या एक्स-रेत ती आजवर कोणाला दिसली नव्हती. गाडीवरील डॉक्टर केतकी परुळेकर बाबलला म्हणाल्या, “घाबरू नका, चीर सरकलेली नाही. आजी दोन महिन्यांत चालू लागतील. पण असे हेलकावे खात आणत जाऊ नका हं. जवळचा रस्ता नाही का?”

“नाय,” बाबल म्हणाला. “देवाची मर्जी नाय.”

विश्रामने मान खाली घातली. इतक्यात त्याचे नाव पुकारले गेले.

आता त्या यंत्राविषयी दोन शब्द. साध्या एक्स-रेचे दुखणे असे की माणसाच्या छातीतले पुढचे, मधले, मागचे असे सर्व काही तो एकाच पत्र्यावर चेपून दाखवतो. फणस दिव्यापुढे धरून भिंतीवर त्याची सावली पाहावी, तसा तो प्रकार. सावलीवरून फणसाचा आकार कळेल. आत गरे किती आणि कीड कोठे, हे कसे कळावे? ‘अंतरंग’ या यंत्रात माणूस शिरेल एवढे एक मोठे कडे होते. त्या कड्याच्या पोटात एका अंगाला किरण सोडणारी नळी आणि समोरच्या अंगाला किरण टिपणाऱ्या दाण्यांच्या शेकडो रांगा. हे सारे माणसाभोवती सेकंदाला चार-पाच गिरक्या घेई. जुन्या यंत्रात एका गिरकीत एक चकती मिळे. येथे एका गिरकीत शेकडो चकत्या मिळत, आणि प्रत्येक चकती कांद्याच्या पापुद्र्याशी स्पर्धा करील इतकी पातळ. सुरी नाही, रक्त नाही, वेदना नाही. मग संगणक त्या चकत्या पुन्हा एकावर एक रचून आतला देह जसाच्या तसा उभा करी.

शिवाय हे यंत्र प्रत्येक किरणकण सुटा मोजी आणि देहातून पार झाल्यावर त्याचा जोर किती उरला, तेही पारखी. त्यामुळे हाड, रक्त, चरबी, चुना असे पदार्थ वेगवेगळ्या रंगांत दिसत. किरणांची मात्रा इतकी अल्प की साध्या एक्स-रेला लाज वाटावी. आणि सर्वांत मोठे सुख हे की रोग्याला श्वास रोखून पडावे लागत नसे; हृदयाचा एक ठोका पडून दुसरा पडायच्या आत सगळे काम आटोपे.

विश्राम फळीवर आडवा झाला. कडे घूं घूं करू लागले. त्याने डोळे मिटून मनातल्या मनात चौऱ्याऐंशी घरांची नावे घेण्यास सुरुवात केली. तिसऱ्या घरापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच आवाज आला, “काका, उठा. झालं.”

“झाला?” विश्राम छाती चाचपून म्हणाला. “हजार काप?”

“दोन हजार तीनशे,” डॉक्टर हसून म्हणाल्या.

पडद्यापुढे विश्राम आणि जयवंती यांना बसवण्यात आले. डॉक्टरांनी एक कळ दाबली आणि पडद्यावर एक गुलाबी बोगदा उघडला. “ही तुमची श्वासनळी,” त्या म्हणाल्या. “आपण आता आतून चालत जाऊ या.” चित्र पुढे सरकू लागले. बोगद्याला फाटे फुटले. उजवीकडचा फाटा घेतला, मग खालचा, मग आणखी खालचा. जयवंती पदर तोंडाशी धरून बघत होती. “आमच्या शेताच्या पाणंदीपेक्षा ह्या बरा असा,” ती पुटपुटली.

आणि बोगदा अचानक बंद झाला. समोर एक तांबूस-तपकिरी, कोनाकार वस्तू आडवी अडकून बसली होती. डॉक्टरांनी ती मोठी करून फिरवली, तेव्हा तिच्या कापलेल्या अंगावर पांढऱ्या-तपकिरी नागमोडी रेघा उमटल्या. त्या रेघा ओळखण्यासाठी कोकणच्या माणसाला डॉक्टरकीच्या पदवीची आवश्यकता नव्हती.

“सुपारी!” जयवंती किंचाळली.

“सुपारीच,” डॉक्टर म्हणाल्या. “काका, अभिनंदन! गाठबीठ काही नाही. सुपारीचं खांड श्वासनळीत गेलं आणि तिथंच बसलं. त्याच्या पलीकडचा भाग मिटून गेला, तोच त्या जुन्या चित्रात डाग दिसत होता. लाकडासारख्या वस्तू साध्या एक्स-रेत सहसा उमटत नाहीत. फुप्फुस कापायचं कारणच नाही. दुर्बीण घालून अर्ध्या तासात काढून टाकू.”

विश्रामच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्याचा दम परत मिळणार होता! आनंदाने त्याला वाटले की उठून तेथेच गाऱ्हाणे घालावे. पण डॉक्टर पुढे बोलतच होत्या.

“बाहेरून मांसाचे थर चढलेत, झाडाला वलयं पडतात तसे. संगणक ते मोजून वय सांगतो. अदमासे तीन वर्षं. तीन वर्षांपूर्वी पान खाताना कधी जोराचा ठसका लागला होता का?”

“तीन वर्सां?” जयवंती बोटांवर हिशेब करू लागली. “नाय हो डॉक्टर, ठसको असो कधी नाय. तीन वर्सांमागे साकवाचा गाऱ्हाणा होता, तेव्हा ह्यांका देवान धरल्यान, एवढाच…” आणि ती तेथेच थांबली. तिने हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिले.

विश्राम पडद्याकडे टक लावून होता. चोर पकडला जावा तसा त्याचा चेहरा झाला होता. गाऱ्हाणे उपाशीपोटी आणि रिकाम्या तोंडाने घालावे, हा घाड्याचा पहिला नेम. त्या दिवशी सरकारी इंजिनिअर दोन तास उशिरा आला. वाट बघता बघता चाळीस वर्षांच्या सवयीने हात पानसुपारीच्या चंचीकडे गेला आणि एक खांड गालात गेले. टाकून देणार, तोच ‘घाड्यानू, उभे रवा’ अशी हाक आली. पुढे जे घडले ते त्याच्या अंगावर आले होते. वाचा परतली तेव्हा तातू गावकर देवाचा हुकूम सांगून मोकळे झाले होते. त्या क्षणी ‘देव नव्हे, सुपारी’ हे म्हणण्याचे धैर्य त्याला झाले नाही. खांड पोटात गेले आणि जिरले, अशी त्याने मनाची समजूत घातली. ते ना पोटात गेले होते, ना जिरले होते. खरे काय ते जाणणारा एकमेव साक्षीदार तीन वर्षे त्याच्या छातीत दबा धरून बसला होता.

डॉक्टरांना त्यातले सारे कळले नसावे, पण काहीतरी कळले. त्या हलक्या स्वरात म्हणाल्या, “हा अहवाल फक्त तुमचा आहे, काका. कोणाला दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं.”

चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या इस्पितळात बारीक दुर्बिणीच्या टोकाला असलेल्या चिमट्याने ते खांड अलगद बाहेर आले. डॉक्टरांनी ते काचेच्या लहान बाटलीत घालून विश्रामच्या हाती ठेवले. आठवड्याभरात छातीतली शीळ बंद झाली. पंधराव्या दिवशी विश्राम एकटाच कातळावर गेला, चारी दिशांना पाहून घेतले आणि चौऱ्याऐंशी घरांची नावे घेतली. एक दम! पुढे गुरांची संख्या आणि झाडांची नावे घेतली, तरी दम शिल्लक होता. तो धावत घरी आला आणि जयवंतीला म्हणाला, “इलो! सगळो दम परत इलो!”

“बरा झाला,” ती तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. “आता त्या दमात काय सांगतलास, ता ठरवा.”

“काय सांगतलंय म्हंजे?”

“शिमग्याचा गाऱ्हाणा आठ दिवसांर इला. थय उभे रवतलास ना?”

विश्राम खांबाला टेकून बसला. “जयवंती, खरा सांगलंय तर घाडीपण जायत. सात पिढ्यांचो मान. नेम मोडलो तर मान जाता, ह्यो रिवाज असा. मगे दम घेवन काय चाटूचो?”

“आणि नाय सांगलास तर?”

विश्रामच्या डोळ्यांपुढे कातळावरून हेलकावत येणारी डोली उभी राहिली. आजवर दम नसल्यामुळे आपण बोलू शकत नाही, अशी सबब तरी होती. यंत्राने ती सबबही चिमट्याने उपटून टाकली होती.

शिमग्याच्या आरंभी सारा गाव देवळात जमला. पलीकडच्या वाडीचे लोक वळसा घालून, घामाघूम होऊन आले. बाबल नेहमीप्रमाणे शेवटच्या खांबापाशी पाठमोरा बसला. विश्राम उभा राहिला आणि त्याचा आवाज असा उमटला की कौलावरची धूळ खाली आली. लोक चकित होऊन एकमेकांना कोपराने ढोसू लागले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तीन वर्सांनी तुझ्या ह्या लेकराक तू पुरो दम दिलंस!”

“व्हय म्हाराजा!”

“तो दम तुझ्या समोर खरा बोलण्यात खर्च होवं दे!”

“व्हय म्हाराजा!”

“तीन वर्सांमागे साकवाच्या गाऱ्हाण्याक ह्याच जाग्यार ह्या घाड्यान नेम मोडून गालात सुपारी ठेवल्यान!”

“व्हय म्हाराजा!” सवयीने सारा गाव गरजला, आणि मग शेवटचा ‘जा’ हवेतच लोंबकळत राहिला.

“ती सुपारी घशात गेली! देवान वाचा धरूक नाय, सुपारीन धरली! देवान कोणाक कधी ‘नको’ म्हणूक नाय! तुझ्या नावार खोटो हुकूम चलालो, आणि ह्यो घाडी भियान गप रवलो! पलीकडच्या वाडीन तीन वर्सां वळसो मारल्यान, तेचो दोष देवार नको, साकवार नको, माझ्या एकट्यार घाल म्हाराजा!”

या वेळी कोणी साथ दिली नाही. विश्रामने खिशातून ती बाटली काढून देवापुढच्या पायरीवर ठेवली आणि मागे सरून उभा राहिला.

तातू गावकर पुढे झाले. त्यांनी बाटली उचलली, डोळ्यांजवळ नेली, हलवून पाहिली. “ही श्रीवर्धनी नव्हे,” ते गंभीरपणे म्हणाले. “घरचीच.”

मागून कोणीतरी ओरडले, “तातू, सुपारीचो हुकूम तुम्हीच सांगितलास हां!” त्यावर देवळात जो हशा उसळला, त्यात खुद्द तातूही सापडले. ते शरमून म्हणाले, “चुकलंय बाबांनू. मी देव वळखलंय नाय, आणि ठसकोही वळखलंय नाय.”

साकवाला तेथल्या तेथे रुकार मिळाला. मग प्रश्न उरला घाड्याचा. मानकऱ्यांत कुजबुज झाली. नेम मोडला, तेव्हा मान गेला, असे काही जण म्हणू लागले. दुसरे म्हणाले, हा आवाज दुसरीकडे कोठे मिळणार? वाद वाढू लागला, तेव्हा शेवटच्या खांबापासून एक आवाज आला.

“मान जावचो नाय.”

बाबल उठून पुढे येत होता. तो विश्रामकडे पाहत नव्हता. मानकऱ्यांशी बोलत होता.

“चोरी करून सगळेच गप रवतत. आपणहून देवाम्होरां येवन सांगणारो घाडी गावाक पुन्हा मेळाचो नाय. मान तेचोच रवां दे. पण आजपासून नवीन रिवाज करा. गाऱ्हाण्याआधी घाड्याचा तोंड तपासूचा.”

“तपासूचा कोणी?” तातूंनी विचारले.

“आमच्या वाडीन. तीन वर्सां वळसो आम्ही मारलंव, तो हक्क आमचो.”

मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मेस्त्र्यांच्या घराला देवळात आजवर कोणताही मान नव्हता. तातू गावकरांनी देवापुढचा नारळ उचलून बाबलच्या हातात दिला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा एक नवा मान त्या क्षणी खैरखोल गावात जन्माला आला.

“मगे आतापासूनच चालू करा,” तातू म्हणाले. “शिमग्याचा गाऱ्हाणा रवला असा.”

बाबल विश्रामसमोर येऊन उभा राहिला. तीन वर्षांनी प्रथमच दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर उरले. बाबलने सदऱ्याच्या खिशातली बारीक बॅटरी काढून पेटवली.

“आ कर,” तो म्हणाला.

विश्रामने तोंड उघडले.

“मोठो. जीभ वर. हां, आता डावो गाल.” बाबलने खूप वेळ पाहिले; इतका वेळ की एका तोंडात पाहण्यासारखे इतके काय असते, असे लोकांना वाटू लागले. मग त्याने नाक ओढले आणि बॅटरी बंद केली.

“दोन दाढा किडल्यात तुझ्या,” तो विश्रामला म्हणाला. “बाकी रिकामा असा. बोल.”